न जुळलेली नोंद



बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग आळस. आज लिहायला बसलो त्याला दोन कारणं घडली. एक म्हणजे पुण्याच्या भाचीचा फोन, आणि दुसरं म्हणजे आठवीतली एक मुलगी माझ्याकडे शंका घेऊन आली ती. विषय मात्र माझ्या नेहमीच्या विषयांपेक्षा वेगळा आहे. अणूच्या पोटात कण मारले तर ते मोठ्या कोनात मागे का फिरतात, हा. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या म्हाताऱ्याने यात नाक खुपसावं का, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण पुढे वाचा, मग काय ते ठरवा.

आधी त्या मुलीचं सांगतो. तिचे वडील माझे जुने विद्यार्थी. सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत मी काही वर्षं होतो, तिथले. आता पन्नाशीच्या पुढे गेलेत. थोडी शेती आहे, आणि उन्हाळ्यात कैऱ्या फोडून, वाळवून आमचूर विकतात. अक्कलकुव्याला बाजाराला आले की घरी डोकावतात. मुलगी इथे शिकायला आहे. ती पुस्तक उघडून म्हणाली, "गुरुजी, यात लिहिलंय की सोन्याच्या पत्र्यावर कण सोडले आणि थोडे उलट आले. पण थोडेच आले ना? मग त्यांनी ते सोडून का नाही दिले?"

आठवीच्या सामान्य विज्ञानात 'अणूचे अंतरंग' हा पाठ आहे, त्यातला हा रुदरफोर्डचा प्रयोग. पाठात निष्कर्ष क्रमाने दिलेले आहेत. अणू बराचसा पोकळ असतो, मधे धनप्रभारित केंद्रक असतं, वगैरे. मुलं ते पाठ करतात आणि गुण मिळवतात. या पोरीने मात्र निष्कर्ष विचारला नाही. थोडेच होते तर सोडून का दिले नाहीत, असं तिने विचारलं. मी तिला म्हटलं, दोन दिवस दे. दोन दिवसांचे दोन महिने झाले, कारण वाचता वाचता मीच त्यात अडकलो.

तर ती गोष्ट अशी. साल १९०९, इंग्लंडमधलं मँचेस्टर. अर्नेस्ट रुदरफोर्ड हे तिथे प्राध्यापक. मूळचे न्यूझीलंडच्या खेड्यातले, आई शाळामास्तरीण. (हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.) आदल्या वर्षीच त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं. त्यांच्या हाताखाली हान्स गायगर होते, आणि वीस वर्षांचा, पदवीही न घेतलेला अर्नेस्ट मार्सडेन नावाचा मुलगा होता. किरणोत्सारी पदार्थातून निघणारे अल्फा कण धातूच्या पातळ पत्र्यातून जाताना किती वळतात, हे ते मोजत असत. कण बहुतेक सरळच जात, एखाददुसरा अंश इकडेतिकडे होई. त्या काळच्या समजुतीत ते बसणारं होतं. थॉमसन यांनी १९०४ मध्ये अणूचं जे चित्र मांडलं होतं त्यात धनप्रभार सगळीकडे सारखा पसरलेला होता. पसरलेल्या प्रभाराकडून एकदम मोठा धक्का बसण्याचं कारणच नव्हतं.

आमच्या काठीच्या राजवाडी होळीला तुम्ही आला असाल तर सांगतो. त्या गर्दीतून पलीकडे जायचं म्हटलं तर इकडून कोपर लागतं, तिकडून खांदा लागतो, आपण थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे होतो, पण पलीकडे पोचतो. शंभर लहान धक्के एकाच दिशेने बसून माणूस जोरात उलटा फेकला गेला, असं होत नाही. तसं झालंच तर समजावं की गर्दीत कुठेतरी खांब आहे, आणि तो खांबावर आपटला.

रुदरफोर्ड यांनी मार्सडेनला काम दिलं की मोठ्या कोनात एखादा कण फिरतो का, ते बघ. काही सापडेल अशी फारशी अपेक्षा नव्हती. नव्या मुलाला हात बसावा म्हणून दिलेलं काम. अल्फा कण थेट पडद्यावर येऊ नयेत म्हणून मधे शिशाची आडकाठी ठेवली. पडदा जस्त सल्फाइडचा. कण आपटला की त्यावर बारीकशी ठिणगी चमके. ती अंधाऱ्या खोलीत, डोळे अंधाराला सरावल्यावर, सूक्ष्मदर्शकातून एक एक करून मोजायची. यंत्र मोजत नव्हतं, माणूस मोजत होता. आणि आडकाठीच्या मागे, जिथे काही दिसायला नको होतं, तिथे ठिणग्या दिसल्या. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून सुमारे ८००० कणांपैकी एक मागे फिरत होता.

इथे थांबून विचार करा. ८००० मधे एक! आपल्यापैकी कोणीही म्हटलं असतं, पडदा खराब आहे, डोळे थकलेत, हवेमुळे होत असेल. त्या दोघांनाही या शंका आल्याच असणार. पण त्यांनी नोंद खोडली नाही आणि लगेच डोक्यावर घेऊन नाचलेही नाहीत. धातू बदलून पाहिला. शिसं, सोनं, प्लॅटिनम, तांबं, ॲल्युमिनियम. जड धातूवरून जास्त कण परतत, हलक्यावरून कमी. पत्रा जाड करून पाहिला. जाडी वाढली तसे परतणारे वाढले, म्हणजे हा पृष्ठभागावरचा खेळ नव्हता, कण आत शिरून मागे येत होते. खराब पडदा धातू ओळखत नाही आणि जाडीही ओळखत नाही. मग रुदरफोर्ड यांनी त्यावर दीड-दोन वर्षं विचार केला आणि १९११ मध्ये सांगितलं की अणूचा सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या एका अतिसूक्ष्म जागी एकवटलेलं आहे. सोन्याचा अणू त्याच्या केंद्रकापेक्षा सुमारे वीस हजार पट रुंद. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं तर अणू ऐंशी मीटरचा, म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानाएवढा झाला. मैदानात एक दाणा, आणि डोळे बांधून मारलेला खडा त्या दाण्याला लागला तरच मागे येणार!

त्यांनी एक सूत्रही दिलं. कोणत्या कोनात किती कण सापडतील त्याचं. कोनाच्या निम्म्याची ज्या घ्यायची, तिचा चौथा घात करायचा, कणांची संख्या त्याच्या व्यस्त प्रमाणात. माझ्याकडे जुनं लॉगटेबल अजून आहे. ते काढून मी स्वतः हिशेब केला. (दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला.) पाच अंशांच्या कोनात दोन लाख चाळीस हजार कण मोजले, तर दीडशे अंशांच्या कोनात एक सापडायला हवा. गायगर आणि मार्सडेन यांनी १९१३ मध्ये पाच अंशांपासून दीडशे अंशांपर्यंत मोजून दाखवलं की सूत्र बरोबर आहे. म्हणजे ज्या कणांची गणती लाखात एक, त्यांच्यावर अणूचं सगळं चित्र उभं राहिलं. बाकीचे लाखो कण खोटं सांगत नव्हते, पण ते केंद्रकापासून लांबून निघून गेलेले होते. आतली खबर ज्याने टक्कर घेतली त्याच्याचकडे होती.

पुढची गोष्ट मला जास्त आवडली. हे सूत्रसुद्धा शेवटचं ठरलं नाही. रुदरफोर्डचे अल्फा कण सोन्याच्या केंद्रकाला कधी भिडलेच नव्हते. दोघांचाही प्रभार धन, त्यामुळे लांबूनच ते परत ढकलले जात. हलक्या केंद्रकांचा प्रभार कमी, तिथे अल्फा कण अगदी जवळ पोचू शकतो. १९१९ मध्ये रुदरफोर्ड यांनीच नायट्रोजनवर अल्फा कण मारून त्यातून प्रोटॉन बाहेर पडतो हे दाखवलं. माणसाने मुद्दाम घडवलेली ती पहिली केंद्रकीय अभिक्रिया. १९२१ मध्ये जेम्स चॅडविक आणि बीलर यांनी हायड्रोजनवर अल्फा कण मारून बघितलं, तर समोरासमोरच्या टकरीत सूत्राचं उत्तर आणि मोजणी जुळेना. पुन्हा न जुळलेली नोंद! फार जवळ गेल्यावर विजेच्या बलाखेरीज दुसरं कसलं तरी जबरदस्त बल कामाला लागतं, हे त्यातून दिसू लागलं. पुढे अर्ध्या शतकानंतर कॅल्शियम-४० च्या केंद्रकावर अल्फा कण मारणाऱ्यांना दिसलं की अगदी मागच्या कोनांत कण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येताहेत. कॅल्शियम-४४ वर मात्र तसं नाही. चार न्यूट्रॉनांचा फरक, आणि परतीचा हिशेब पार वेगळा. त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडली. केंद्रकाची रचना, त्यात कण किती शोषला जातो, असं बरंच काही त्यातून कळत गेलं.

आता भाचीकडे वळतो. तिला फोनवर मी उत्साहाने हे सगळं सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, छान आहे हो. पण उपयोग काय? तुमच्याच तालुक्यात अजून बाईला दवाखान्यात न्यायला बांबूची झोळी लागते. तिकडे मुंबईत कण मोजायला एवढी मोठी यंत्रं कशाला?"

ती मुंबईचं म्हणाली ते बरोबरच होतं. हे काम आपल्याकडेही होतं, आणि तेही महाराष्ट्रात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केलेली. (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीतून होणाऱ्या विकिरणाला जगभर भाभांचंच नाव आहे.) तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचं मिळून पेलेट्रॉन नावाचं त्वरकयंत्र १९८८ च्या अखेरीपासून आहे. उंच मनोऱ्यात उभं केलेलं. धातूच्या गोळ्यांची साखळी फिरवून मधल्या टोकाशी १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत दाब तयार करतात. वरून ऋणप्रभारित आयन सोडायचे, ते या टोकाकडे ओढले जातात, तिथे पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात, ते धन होतात, आणि मग तेच टोक त्यांना खाली ढकलून देतं. एकाच दाबाचा दोनदा फायदा. २००७ मध्ये त्याला पुढे अतिवाहक रेषीय त्वरकाची जोड मिळाली.

तिथे काय मोजतात ते मला समजलं तसं सांगतो. आमच्याकडे अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोईचा घाट लागतो. समजा, घाट किती उंच आहे हे तुम्हाला कळत नाही, पण पायथ्याशी उभं राहून परत येणाऱ्या गाड्या मोजता येतात. कमी जोराच्या गाड्या सगळ्या परत येतील. जोर वाढवत गेलं की एका ठिकाणी परतणाऱ्यांची संख्या घसरेल. तीच घाटाची उंची. दोन केंद्रकं एकमेकांत मिसळायची तर त्यांना विजेच्या तिरस्काराचा असा घाट चढावा लागतो. म्हणून शास्त्रज्ञ कणांची ऊर्जा थोडी थोडी वाढवतात आणि शोधक जवळजवळ पाठीमागे, १६०-१७० अंशांवर ठेवून परतलेले मोजतात. कारण जो पाठीमागे आला तो नाकासमोर जाऊन भिडलेला होता, कडेने निसटलेला नव्हता. गंमत म्हणजे इथे घाट एकच नसतो. केंद्रकांच्या आकारामुळे आणि त्यांच्या आतल्या थरथरीमुळे उंच-सखल अशा अनेक घाटांची रांगच असते. आणि काही कण घाट न चढता बोगद्यातून गेल्यासारखे पलीकडे जातात. परतलेल्यांच्या आकड्यांवरून ही रांग काढता येते. लिथियम, बेरिलियम यांसारख्या सैल बांधणीच्या केंद्रकांवर मुंबईच्या यंत्रावर बरंच काम झालं आहे. लिथियम-६ चं केंद्रक जेमतेम १.४७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेत फुटून दोन तुकडे होतं. डोक्यावरची मोळी घाटात अर्ध्यावर सुटावी तसं. मग घाट कोणी चढला, अख्खा चढला की अर्धा, हे ओळखणं हाच मोठा अभ्यास.

उपयोगाचं विचाराल तर तोही सांगतो. कॅरमचा स्ट्रायकर हलक्या सोंगटीवर मारा आणि जड वस्तूवर मारा, परत येताना त्याचा जोर वेगळा. अल्फा कण सोन्यावरून सरळ मागे फिरला तर त्याच्याकडे सुमारे ९२ टक्के ऊर्जा उरते. सिलिकॉनवरून ५६ टक्के, ऑक्सिजनवरून ३६, कार्बनवरून २५. म्हणजे परतलेल्या कणाची ऊर्जा मोजली की तो कोणावर आपटला ते कळलं. १९६७ मध्ये सर्व्हेयर-५ हे अमेरिकेचं मानवरहित यान चंद्रावर उतरलं तेव्हा तिथली माती अशीच तपासली. पेटीत क्युरियम ठेवलं होतं, त्यातून अल्फा कण मातीवर पडत, काही मागे येत, आणि काही मातीतल्या केंद्रकांशी अभिक्रिया करून प्रोटॉन बाहेर काढत. दोन्ही मोजले. माणूस चंद्रावर जाण्याच्या दोन वर्षं आधी तिथल्या मातीत काय आहे हे आपल्याला परत फिरलेल्या कणांनी सांगितलं. २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीवरही अल्फा कण सोडणारं उपकरण होतं. ते मात्र मातीतून निघणारे क्ष-किरण मोजत होतं.

पण खरं सांगू? भाचीला मी हे उत्तर दिलं नाही. चंद्राची माती आणि बांबूची झोळी एका तराजूत घातली तर झोळीच जड होणार, आणि ती व्हायलाच हवी. कुलाब्याचे पैसे वाचवले तर ते मोलगीला पोचतील असं मला वाटत नाही, पण तेही काही खरं उत्तर नव्हे. माझं उत्तर वेगळं आहे आणि त्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती आजवर घरातही कोणाला सांगितलेली नाही.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. आश्रमशाळेत विज्ञानाची जागा रिकामी होती, म्हणून मुख्याध्यापकांनी विज्ञानाचे तास मला दिले. मला त्यातलं जेवढं येत होतं तेवढं मी शिकवत होतो. म्हणजे पुस्तक वाचून दाखवत होतो. एकदा पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग होता. स्टोव्ह, चंचुपात्र, एक तापमापी, आणि भोवती चाळीस मुलं. मी एका मुलाला वाचायला सांगितलं. त्याने नीट डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "अठ्ठ्याण्णव." मी म्हटलं, नीट बघ. तो पुन्हा म्हणाला, "गुरुजी, अठ्ठ्याण्णवच आहे. वर जातच नाही." मी म्हटलं, "पाणी शंभरला उकळतं. शंभर लिही." त्याने पाटीवर अठ्ठ्याण्णव लिहिलेलं होतं. ते हाताने पुसलं आणि शंभर लिहिलं. चाळीस जणांनी शंभर लिहिलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की उंचावर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश. आमची शाळा होती सहाशे मीटरच्या आसपास! वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. तोपर्यंत तो मुलगा शाळा सोडून कधीच गेला होता.

तो बरोबर होता, असं आज मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. शाळेची तापमापी स्वस्तातली, तीच दोन अंश चुकीची दाखवत असेल. त्याने वाचण्यात चूक केली असेल. दुसरी तापमापी लावली असती, पाणी पुन्हा उकळलं असतं, बर्फ मिळवून शून्य तपासलं असतं, तर कळलं असतं. मी यातलं काही केलं नाही. बरोबर की चूक हे शोधण्याची वाटच मी बंद केली. मला सलतं ते हे. बी. ए. ला विज्ञान नव्हतं ही सबब इथे चालत नाही, कारण "पुन्हा उकळून बघू" एवढं म्हणायला कुठलीच पदवी लागत नव्हती.

तो मुलगा म्हणजे आज आमचूर विकणारे हे गृहस्थ. मुलीच्या शंकेच्या निमित्ताने मी धीर करून त्यांना ते आठवतं का विचारलं. आठवत होतं. हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही शंभर लिहायला लावलं ते बरंच झालं की. परीक्षेत तेच आलं होतं. पास झालो." मनापासून म्हणाले ते, त्यात टोमणा नव्हता. मी शिकवलेलं ते नीट शिकले होते, एवढंच.

मंडळी, माझं मत आता सांगतो, पटलं तर घ्या. आपल्याकडे विज्ञानाच्या प्रयोगवह्या वर्षानुवर्षं उलट्या लिहिल्या जातात. आधी उत्तर, मग त्याला जुळणारी निरीक्षणं. मागच्या वर्षीच्या मुलाची वही आणायची आणि आकडे उतरवायचे. न जुळणारा आकडा आला की गुण कापायचे. हे मी केलं आहे, माझ्या बरोबरच्यांनी केलं आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी विद्यार्थी म्हणून केलं असणार. अशा वर्गात तो विशीतला मार्सडेन बसला असता तर त्याच्या वहीत काय आलं असतं? "मोठ्या कोनात कण आढळले नाहीत." सही, शेरा 'छान', दहापैकी दहा.

कोणी म्हणेल, गुरुजी, शाळेतले न जुळलेले शंभर आकडे घेतले तर नव्व्याण्णव चुकाच निघतील. अगदी मान्य. कदाचित शंभरच्या शंभर निघतील. न जुळलेलं ते सगळं खरं, असं मी म्हणतच नाही. ते तर दुसरं टोक झालं. गायगर-मार्सडेन यांचं मोठेपण हे की त्यांनी नोंद ठेवली, आणि ती खोटी तर नाही ना हे धातू बदलून, जाडी बदलून तपासलं. चूक सापडली तरी मूल काहीतरी शिकतंच. तापमापी कशी चुकते हे शिकतं. पुसून टाकलं तर फक्त पुसायला शिकतं.

म्हणून माझी साधी सूचना आहे. प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्याबरोबर आणखी एक रकाना असावा, 'न जुळलेली नोंद'. त्यात जे आलं ते लिहायचं, तारीख टाकायची, पुन्हा करून बघितलं तर काय आलं तेही लिहायचं. गुण कापायचे नाहीत. जमल्यास एखादा द्यायचा. याला पैसे लागत नाहीत, प्रयोगशाळा लागत नाही. पट्टीने एक रेघ जास्त मारावी लागेल.

आणि आता भाचीचं उत्तर. बाई गं, बांबूची झोळी आणि कुलाब्याचा मनोरा हे मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. आमच्या डोंगरात अंगणवाडीत बाळांना वजन करायला आणतात. शंभर बाळांची वजनं तक्त्यात नीट बसतात आणि एकाचं बसत नाही. वजन घेणाऱ्या ताईला वाटू शकतं, काटा चुकला असेल, मागच्या महिन्याइतकंच लिहू. आणि तिला असंही वाटू शकतं की थांब, याला पुन्हा तोलू या. त्या दोन वाटण्यांत एका बाळाचा जीव असू शकतो. ती दुसरी सवय तिला कुठे लागणार? आठवीच्या वर्गातच ना? जिथे शंभर लिही म्हणून सांगतात तिथे ती लागणार नाही. लाखात एक परतलेला कण सोडून न देणारी माणसं आणि शंभरात एक न बसणारं बाळ सोडून न देणारी ताई, दोघांचं शिक्षण एकच आहे. एकाला पैसे द्यावेत की दुसऱ्याला, या वादात मला पडायचं नाही. दोघांना लागणारी माणसं ज्या शाळेत तयार होतात तिथे आपण काय शिकवतो, याची मला काळजी वाटते.

तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी या रकान्याचं काय होईल ते मला जरूर कळवा. हसू नका मात्र.

जाता जाता. दिवाळीनंतर मी त्या मुलीच्या घरी, वर पाड्यावर जाऊन आलो. नातवाने दोन तापमापी आणून दिल्या होत्या. चुलीवर पातेलं ठेवलं, पाणी खळखळून उकळू दिलं आणि मुलीला वाचायला सांगितलं. तिने तीनदा वाचलं. एका तापमापीने साडेसत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव दाखवलं. दुसरीने तिन्ही वेळा नव्व्याण्णव. दोघींत एक अंशाचा फरक का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तिने सगळे सहाच्या सहा आकडे वहीत लिहून ठेवलेत. आता दोन्ही तापमापी बर्फात बुडवून बघायच्या आहेत. बर्फ खालून बाजारातून न्यावा लागतो आणि वर पोचेपर्यंत निम्मा वितळतो. तिचे वडील म्हणालेत, पुढच्या बाजाराला थर्मासमधून आणतो.

बर्फात काय आलं ते कळलं की लिहीन.